कमान म्हणून विकलेली पट्टी

भंगारातून पोलाद घ्यायला जाणार असाल तर खिशात एक कानस ठेवा. ही अक्कल मला 1,120 रुपयांना आणि जवळजवळ दीड महिन्याला पडली.

मी लोहार नाही. मालवणजवळ घर आहे, मागे काजूची चार कलमं, आणि दोन वर्षांपूर्वी डोक्यात शिरलेलं हे खूळ. जुन्या ब्रेक ड्रमची भट्टी, वाऱ्याला हेअर ड्रायर, करवंटीचा कोळसा. दोन-तीन खिळे, एक वाकडी सुरी एवढी माझी कमाई. पावसाआधी जळणाच्या ढलप्या काढायला एक लहान कुऱ्हाड स्वतः घडवायची, असं या वर्षी ठरवलं. ट्रकची कमान, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगचं पान, वापरायची हे वाचून, ऐकून ठाऊक होतं. कमानीच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून एकदम थंड केलं की कडक होतं. बांधकामाच्या साध्या पट्टीत तो 0.2 टक्क्यांच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखीच.

महामार्गालगतच्या एका भंगारवाल्याकडे गेलो. ‘कमान आहे का?’ म्हटल्यावर तो मला थेट मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. काळ्या रंगाने माखलेल्या पट्ट्या, प्रत्येकीला किंचित बाक, मधोमध बोल्टचं भोक. ‘दहा चाकी ट्रकची आहे दादा, अस्सल. कोयते करायला लोहार इथूनच नेतात.’ साध्या लोखंडाचा भाव त्याच्याकडे 40, कमानीचा 80. दोन पट्ट्या घेतल्या. 70 मिलिमीटर रुंद, 10 जाड, सव्वा-सव्वा मीटर लांब. वजन 14 किलो. बिल मागितलं तर हसला.

गंमत म्हणजे काट्यात त्याने फसवलं नव्हतं. नंतर घनता 7.85 धरून हिशेब केला, पावणेचौदा किलो येतं. वजनाला खरा, मालाला खोटा.

आता मी काय काय बघितलं नाही ते सांगतो. बोल्टच्या भोकाच्या आत रंग नव्हता, तिथलं लोखंड लखलखत होतं आणि काठाला ड्रिलची बारीक कूस उभी होती. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड चार दिवसांत तांबूस होतं. बाकी पट्टी गंजून वर रंगवलेली, आणि भोक मात्र कालचं! खऱ्या वापरलेल्या कमानीत पाती एकमेकांवर घासतात, त्यामुळे टोकांकडे घासल्याच्या चकचकीत खुणा असतात. इथे दोन्ही टोकं गॅस कटरने कापलेली. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी भावात पाच रुपये सोड म्हणून घासाघीस करत होतो.

घरी आणली, एक तुकडा कापला आणि कामाला लागलो. पट्टी सळीभोवती दुमडून नेढं, म्हणजे दांड्याचं भोक, पाडायचं, पुढची दोन्ही पानं तापवून, टाकणखार टाकून जोडायची, मग ठोकून पातं काढायचं, हा बेत. नवशिक्याला जोड जमत नाही असं सगळे सांगतात. माझा पहिल्याच तावात बसला. टाकणखार वितळून मधासारखा वाहिला, घण मारला आणि शिवण दिसेनाशी झाली. मी ऐरणीसमोर उभा राहून स्वतःलाच शाबासकी दिली. बायकोला बोलावून दाखवली. हात उपजतच बरा आहे आपला, असं वाटायला लागलं.

मग पाणी द्यायची वेळ आली. चुंबक धरायचं सोडतं ती खूण, साधारण 770 अंश. त्याहून थोडं वर, लालभडक झाल्यावर तळणाच्या उरलेल्या तेलात पातं बुडवलं. पडवीभर वड्यांचा वास. थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवली. पाणी चढलं असेल तर कानस काचेवरून सरकावी तशी घसरते. माझी कानस चक्क चावली, चांदीसारखा कीस पडला.

ताव कमी पडला असेल म्हणून पुन्हा तापवलं. तेल गार असेल म्हणून तेल कोमट केलं. तिसऱ्या खेपेला सरळ पाण्यात घातलं, तडा गेला तर गेला. तडाही नाही. अस्सल कमान असती तर पाण्यात बहुधा तडकली असती, पण हे तेव्हा सुचलं नाही. तशीच धार लावली, दांडा बसवला आणि काजूच्या वाळक्या फांदीवर घाव घातला. तिसऱ्या घावाला धार डब्याच्या पत्र्यासारखी वळली.

दुसरी कुऱ्हाड केली. तिचंही तेच. रात्री झोपताना ताव, तेल, रंग, सगळं आठवून चूक कुठे झाली ते शोधायचो. सगळ्यात राग याचा येतो. पैसे त्याने एकदा घेतले, पण महिनाभर मी माझ्याच हाताला शिव्या घालत बसलो. मालावर संशय घ्यायचं मनातच आलं नाही.

शेवटी दोन्ही कुऱ्हाडी पिशवीत घालून शेजारच्या गावातल्या आबांकडे गेलो. कोयते, पारळी करण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांनी वळलेली धार अंगठ्याने चाचपली, मग जोड उन्हात धरून बघितला.

‘जोड कितव्या तावात बसलो?’

‘पहिल्याच.’

आबा हसले. ‘थंयच कळाक होया होता. कमानीचा पोलाद एवढ्या बेगीन जोड घेणा नाय. ह्या नुसता लोखंड. तुझ्या हाताचो दोष नाय रे.’

मग ग्राइंडर चालू करून त्यांनी आधी त्यांच्याकडची खरी कमान टेकवली. ठिणग्या पुढे जाऊन फुटत होत्या, प्रत्येकीला फुलबाजीसारखे फाटे. माझ्या पट्टीच्या ठिणग्या लांब, सरळ, फाटे जवळजवळ नाहीतच. दोन मिनिटांचं काम. त्याहून पक्की परीक्षा म्हणजे बोटभर तुकडा लालभडक करून पाण्यात टाकायचा आणि पकडीत धरून हातोडा मारायचा. पोलाद कटकन मोडतं, लोखंड वाकतं. माझं वाकलं.

विकत घेताना भट्टी कुठून आणणार? म्हणून कानस. कमान कारखान्यातूनच पाणी चढवून आलेली असते, तिच्यावर कानस कुरकुरत, जेमतेम चालते. साध्या पट्टीत लगेच दात रोवते. रंग खरवडून बघा. कान असलेलं, म्हणजे टोकाला गोल वळलेलं मुख्य पान मिळालं तर उत्तमच, ते नकली करणं त्याच्या जिवावर येईल. भंगारवाला कानस लावू देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. गॅरेजमध्ये तुटलेली पानं पडून असतात. मिस्त्रीला विचारलं तर गाडीखालून काढलेलीच मिळतात.

मी पट्टी घेऊन परत गेलोच. ‘भंगारात गॅरंटी नसते दादा,’ एवढंच त्याचं म्हणणं. किलोमागे जास्तीचे 40 तरी दे म्हटलं, तर त्याने फोन कानाला लावला.

उरलेली पट्टी आबांनी टाकू दिली नाही. जुनी पद्धत तीच म्हणे, अंग लोखंडाचं आणि तोंडाला पोलादाची पाचर. गेल्या रविवारी त्यांच्या भट्टीवर तसंच केलं. पोलादाचा जोड दोनदा सुटला, तिसऱ्यांदा कसाबसा धरला, आणि एका बाजूला अजून केसाएवढी फट दिसते. कानस मात्र धारेवरून घसरते.