गुडघ्यांसाठी हळद, कोकम की कॅप्सूल?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कुणाचे गुडघे धरले की सल्ले ठरलेले: हळद वाढवा, कोकमाचं आगळ प्या. आता त्यात हळदीतल्या कर्क्युमिन या घटकाच्या कॅप्सूलची भर पडली आहे.

प्रयोगशाळेत हळद आणि कोकम दोन्ही पास होतात. मॅक्रोफेज या भक्षक पेशींना जिवाणूंच्या आवरणातला घटक देऊन चेतवलं, की पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन जागं होतं आणि टीएनएफसारखे दाह वाढवणारे रेणू बनू लागतात. हळदीतलं कर्क्युमिन आणि कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल, दोन्ही या प्रथिनाला आवर घालतात.

पण पेशींवर औषध थेट ओतता येतं, गुडघ्यात नाही. कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. बंगळूरच्या १९९८ च्या अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पिपेरिन दिलं, तेव्हा ते सुमारे २० पट जास्त शोषलं गेलं. आमटीतल्या हळदीचा हिशेब मात्र निराळा. हळदपुडीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के, म्हणजे चमचाभर हळदीत १०० मिलिग्रॅमच्या आत, आणि तेही घरभर वाटलं जाणार. गुडघ्यांच्या बहुतेक चाचण्यांत रोज ५०० ते १५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन दिलं होतं. झिजेच्या दुखण्यात त्याने काहींना थोडा आराम पडला, पण चाचण्या छोट्या आणि थोड्या आठवड्यांच्या होत्या.

कोकमाचे अभ्यास बहुतांशी पेशी आणि उंदरांवरचे आहेत. त्यात गार्सिनॉल पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे सरबतात ते फारसं उतरत नाही; तिथे दिसतो तो लाल रंग अँथोसायनिन या वेगळ्या रंगद्रव्याचा. आगळात मीठही भरपूर असतं, रक्तदाब असेल तर ते मोजूनच घ्या. सोलकढी मला प्रिय आहे, पण गुडघ्यांसाठी ती प्या असं मी सांगणार नाही.

तेव्हा दुखणं झिजेचं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं असेल आणि काहीतरी करून पाहायचंच असेल, तर कॅप्सूल त्यांना विचारून दोन-तीन महिने घ्या. फरक नसेल तर पैसे वाचवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, पित्ताशयात खडे असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर नकोच. कर्क्युमिनमुळे, विशेषतः पिपेरिन घातलेल्या कॅप्सूलमुळे, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर लगेच थांबवा आणि दवाखाना गाठा. सांधा एकाएकी लाल होऊन सुजला, सोबत ताप आला, तरीही त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.