खिशात मावणारा कॅमेरा: सोनी की कॅनन?

सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ आणि कॅननचा जी७ एक्स मार्क ३ हे दोन्ही कॅमेरे २०१९ साली बाजारात आले. दोहोंत एक इंची, सुमारे २० मेगापिक्सेलचा सेन्सर आहे आणि वजनही ३०० ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे निवड करायची ती मुख्यतः लेन्स पाहून. सोनीची २४ ते २०० मिलिमीटरची लेन्स तारेवर बसलेला खंड्या बऱ्यापैकी जवळ आणते, पण तिचे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारे छिद्र; आकडा मोठा तितके ते लहान) एफ २.८ पासून सुरू होऊन पूर्ण झूमवर ४.५ पर्यंत लहान होते. कॅननची लेन्स १०० मिलिमीटरलाच थांबते, मात्र अ‍ॅपर्चर १.८ ते २.८ असल्याने समईच्या उजेडातले चेहरे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) फारसा न वाढवता टिपता येतात, आणि घरचे सणसमारंभ टिपणाऱ्यासाठी हे मोलाचे आहे.

सोनीची आणखी एक जमेची बाजू म्हणजे कोपऱ्यातून वर येणारा व्ह्यूफाइंडर. भर दुपारच्या उन्हात स्क्रीनवर चित्राऐवजी आपलाच चेहरा दिसू लागतो, तेव्हा त्याला डोळा लावून फ्रेम नीट ठरवता येते. कॅननमध्ये ही सोय नाही. पक्षिनिरीक्षणाची आवड असल्यास जास्त पैसे मोजून सोनीच घ्यावा. अन्यथा माझे मत निःसंशय कॅननला आहे.