समेट की चौकशी? क्रीडासंस्थेतील तक्रारीच्या दोन वाटा

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेचे ठिकाण यांनाही स्पष्टपणे कामाची जागा मानले असून, तक्रारदार महिलेपुढे दोन वाटा ठेवल्या आहेत. समेट केवळ तिच्या विनंतीवरून आणि चौकशीपूर्वीच होतो. त्यात पैशांची तडजोड चालत नाही, आणि ठरलेल्या अटी पाळल्या गेल्या नाहीत तर प्रकरण पुन्हा चौकशीकडे जाते. चौकशी ९० दिवसांत संपवावी लागते, आणि दरम्यान तिला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते.

कागदावर समेट सोपा दिसतो. पण दौऱ्यावर तक्रारदार फिजिओथेरपिस्ट आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मुख्य प्रशिक्षक एकाच बसने जातात, एकाच हॉटेलात उतरतात, आणि पुढच्या शिबिरासाठी तिच्या नावाची शिफारसही तोच करणार असतो. अशा वेळी ‘आपसात मिटवा’ असे वरिष्ठांनी म्हटले, की विनंती नेमकी कोणाची होती हेच कळेनासे होते. एखादा अनुचित शेरा आणि त्याबद्दल लेखी माफी, एवढ्यापुरता समेट मला मान्य आहे. हुद्द्यांतले अंतर मोठे असेल तिथे मात्र चौकशीच बरी, अर्थात चौकशी करणाऱ्या समितीतला संस्थेबाहेरचा सदस्य केवळ सहीपुरता बोलावला जात नसेल तर.