50 मिमी रॅचेट पट्टा: लेबलावरच्या पाच टनांचा घोळ

फ्लॅटबेड ट्रेलरवर माल बांधायला दोरखंडापेक्षा रॅचेटने, म्हणजे हँडलच्या दातेरी चक्राने आवळायचा पॉलिस्टरचा 50 मिमी पट्टा केव्हाही सरस. पण त्यावरचं ‘5 टन’ वाचून पाच टनी यंत्राला एकच पट्टा टाकला, तर पहिल्याच करकचून ब्रेकला फसगत ठरलेली.

हा पाच टनांचा आकडा कधी दुहेरी वेढ्याचा असतो, तर कधी चक्क पट्टा तुटण्याचा. सरळ ओढीत एक पदर अडीच टन पेलतो. लेबलावर ते ‘एलसी 2500’ असं लिहिलेलं असतं; एलसी म्हणजे पट्ट्याची बांधणीची क्षमता. मालावरून आडवा टाकून आवळताना मात्र बघायचा तो ‘एसटीएफ’, म्हणजे हाताच्या साधारण 50 किलो जोराने आवळल्यावर पट्ट्यात राहणारा ताण. साध्या हँडलच्या रॅचेटला तो 350 डेकान्यूटनच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेतीनशे किलो. हा आकडाच नसलेला पट्टा घेऊ नका.

हिशोब बघा. पाच टनांचं, लोखंडी पायांचं यंत्र ट्रेलरच्या चेकर्ड प्लेटवर, म्हणजे उठावदार नक्षीच्या लोखंडी पत्र्यावर ठेवलंय, घर्षणांक 0.2. जोरात ब्रेक लागल्यावर ते पुढे सरकू नये म्हणून युरोपीय मानक ईएन 12195 च्या सूत्राने 27 पट्टे लागतात! तेच पायांखाली रबरी मॅट घातली, की घर्षणांक 0.6 होतो आणि तीन पट्ट्यांत भागतं. पट्टे उभे, म्हणजे ट्रेलरच्या तळाशी 90 अंशांत असतील तर हं. 30 अंशांवर आले की दाब निम्मा. मॅटवर ऑइल सांडलेलं असेल तर हे गणित विसरा. चाकणहून न्हावाशेव्याला जाताना बोरघाटाच्या उतारावर ट्रेलर उतरवायचा असेल, तर माल हेडबोर्डला, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला भिडवून किंवा पुढे लाकडी गुटके ठोकूनच बांधावा.

वापरातली मुख्य चूक रॅचेटच्या रुळावर, म्हणजे पट्टा गुंडाळला जातो त्या दांड्यावर होते. ढिला पट्टा आधी हातानेच पूर्ण ओढून घ्या, मग आवळा. रुळावर दीड ते तीन वेढे बसले पाहिजेत. कमी पडले तर पट्टा निसटतो, जास्त झाले तर गुंडाळा फुगून अडकतो आणि ताण येतच नाही. हँडलला पाइप लावून आवळणं तर सर्रास चालतं. त्याने रॅचेटचे दाते अडवून धरणारा खटका वाकतो, आणि वाकलेला खटका ऐन वेळी सुटतो. गाठ मारू नका. आठ-दहा किलोमीटरवर थांबून पुन्हा आवळा, कारण तोवर माल बसतो आणि पट्टा सैलावतो.

कोपऱ्यांना संरक्षक पट्ट्या सोबत मिळत नाहीत, वेगळ्या घ्याव्या लागतात. ही या पट्ट्याची खरी उणीव. लोखंडी धारेवर पट्टा बघता बघता कापला जातो. रुंदीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त, म्हणजे 5 मिमीच्या वर चीर गेली की तो बाद.

खोकी, पॅलेट, यंत्रं यांना हा पट्टा उत्तम. स्टील कॉइल, गर्डर, अँगल यांना नको. तिथे ग्रेड 80 ची, म्हणजे जास्त ताकदीच्या पोलादाची 10 मिमी साखळीच हवी.