खर्च नोंदवणाऱ्या ॲपचा अनुभव आणि यूपीआय लाइटचे न जुळणारे गणित

दसऱ्यापासून आम्ही ज्या ॲपवर घरखर्च मांडत आहोत, त्याच्या सशुल्क आवृत्तीची मुदत संपत आल्याची सूचना या आठवड्यात आली. पुन्हा पैसे भरण्यापूर्वी, इतक्या महिन्यांत त्याने आम्हाला नेमके काय दाखवले हे एकदा नीट लिहून काढावे असे ठरवले. ॲपचे नाव देत नाही, कारण पुढे जी तक्रार मांडणार आहे ती बँकेचे एसएमएस वाचून हिशेब मांडणाऱ्या कोणत्याही ॲपला लागू पडेल. खर्चाची रंगीत वर्तुळे, ठरवलेली मर्यादा ओलांडली की येणारा इशारा, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

आमचे घर इंदूरला सुदामा नगरात, भाड्याचे आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, मोठी मुलगी केजीत आहे, धाकटा अजून वर्षाचा व्हायचा आहे आणि सासूबाई आमच्याजवळच असतात. महिन्याचा किराणा सियागंजातून, रविवारची भाजी चोइथराम मंडीतून आणि मधल्या दिवसांची दारावरच्या ठेल्यावरून, अशी आमची पद्धत. धाकट्याच्या जन्मानंतर महिनाअखेरीस खात्यात उरणारी रक्कम इतकी घटली, की पैसा कुठे जातो हे शोधणे भागच पडले. भाडे, शाळा, विम्याचा हप्ता, औषधे यांचे आकडे तोंडपाठ असूनही बरीच मोठी रक्कम हिशेबाबाहेर राहत होती आणि ती सापडावी म्हणूनच ॲप घेतले होते.

नेमकी तीच रक्कम या ॲपला दिसत नाही, कारण ती यूपीआय लाइटमधून जाते, म्हणजे बँक खात्यातून थोडी रक्कम यूपीआयच्या ॲपमध्ये आधी भरून ठेवून लहानसहान देणी त्यातून देण्याच्या सोयीतून. यूपीआय लाइट २०२२ मध्ये सुरू झाले तेव्हा त्यातून एका वेळी २०० रुपयांपर्यंतच देता येत होते. पुढच्या वर्षी ही मर्यादा ५०० रुपये झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ती १,००० रुपयांवर नेली, तर लाइटमध्ये ठेवता येणारी शिल्लक ५,००० रुपयांपर्यंत वाढवली. पिन टाकावा लागत नसल्यामुळे कडेवर मूल आणि हातात पिशवी असताना ही सोय फारच उपयोगी पडते. मात्र बँकेच्या पासबुकात लाइटमध्ये भरलेली रक्कम तेवढी उमटते; ती पुढे कोणाकोणाला गेली, हे तिथे कळत नाही. परिणामी आमच्या ॲपवर महिन्यातून तीन-चार वेळा ‘ट्रान्सफर, २,००० रुपये’ अशी एक करडी ओळ दिसते आणि ती खर्चाच्या बेरजेत धरलीच जात नाही. त्या एका ओळीत ठेल्यावरची मेथी-कोथिंबीर असते, मुलीची केळी असतात, ई-रिक्षाचे भाडे असते, शनिवारी सकाळचे पोहे-जलेबी असते, उन्हाळ्यात औषधांच्या दुकानातून आणलेली ओआरएसची पाकिटे असतात. मार्चमध्ये यूपीआयच्या ॲपमधला इतिहास उघडून मी ही सगळी देणी कागदावर उतरवली, तेव्हा त्यांची बेरीज सियागंजच्या किराण्याच्या बिलाला भिडली. म्हणजे घरात दुसरा किराणा भरला जात होता आणि ॲप मात्र ‘या महिन्यात तुम्ही उत्तम बचत केली’ असे हिरव्या अक्षरांत सांगत होते.

याबद्दल ग्राहक सेवेशी झालेला पत्रव्यवहार अतिशय मनस्ताप देणारा होता. पहिल्या उत्तरात, ही रक्कम तुमच्याच खात्यातून तुमच्याच लाइटमध्ये गेल्यामुळे तो खर्च नाही, असे कळवले. हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे हे मान्य करून मी उलट विचारले, की मग ती लाइटमधून बाहेर पडते तेव्हा तिला खर्च कोण म्हणणार? त्यावर तेच उत्तर पुन्हा आले. तिसऱ्यांदा लिहिले तेव्हा सूचना संबंधित विभागाकडे पाठवल्याचे कळवून तक्रार बंद करण्यात आली. माझी मागणी काही अवघड नव्हती. लाइटमध्ये पैसे भरल्याचा संदेश आला की ॲपने त्या रकमेची स्वतंत्र शिल्लक उघडावी, आठवड्याच्या शेवटी त्यातले किती उरले ते विचारावे आणि गेलेली रक्कम भाजी, प्रवास, खाणे अशी वाटून घ्यावी. पैसे देणाऱ्या ग्राहकाला एवढे मिळायला हवे.

लाइटबद्दलची ही तक्रार मार्चमध्येच लिहून ठेवली होती आणि तेव्हा मी एकच तारा देणार होते. त्यानंतर मत काहीसे बदलले, त्याचे कारण माझ्या पतींचा फोन. तो आयफोन आहे आणि आयफोनवर कोणत्याही ॲपला एसएमएस वाचता येत नाहीत, म्हणून त्यांना प्रत्येक खर्च हाताने नोंदवावा लागतो. सुरुवातीला याच गोष्टीचा मला फार राग येत असे, कारण वर्गणी दोघांच्या नावाने भरूनही निम्मी सोय मिळत नव्हती. पण एप्रिलमध्ये दोघांच्या नोंदी एकत्र लावल्या, तेव्हा माझ्या बाजूला दुकानदारांची आणि क्यूआर कोडवाल्यांची अनोळखी नावे होती, तर त्यांच्या बाजूला ‘डायपर, मोठे पाकीट’, ‘आईचे रक्तदाबाचे औषध’, ‘पाहुणे आले म्हणून शेव आणि मिठाई’ असे लिहिलेले होते. महिन्याचा निर्णय घेताना उपयोगी पडली ती त्यांचीच बाजू. डायपर मोठ्या पाकिटात घ्यायचे आणि पाहुण्यांसाठीची रक्कम आधीच वेगळी काढायची, हे दोन्ही त्यातूनच ठरले.

क्रेडिट कार्डाच्या बाबतीत दुहेरी मोजणी होते: खरेदीही खर्च आणि बिल भरणेही खर्च. एकदा सेटिंगमध्ये जाऊन बिलाची ओळ वगळली की प्रश्न मिटतो. पती-पत्नींनी एकमेकांना पाठवलेल्या पैशांचेही तसेच.

सशुल्क आवृत्तीत मला मनापासून आवडलेली एक गोष्ट म्हणजे एखादा खर्च अनेक महिन्यांवर पसरवण्याची सोय. सरकारच्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात भाजी, फळे, तेल यांचा खर्च मागच्या ७ दिवसांचा विचारतात, इंधनासारख्या गोष्टींचा ३० दिवसांचा आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा. प्रत्येक खर्चाचा काळ वेगळा असतो, ही समज घरच्या हिशेबातही असायला हवी. एप्रिलमध्ये भरलेली शाळेची फी आम्ही बारा महिन्यांवर आणि विम्याचा हप्ताही तसाच पसरवला, तेव्हा एप्रिल भयंकर आणि मे उत्तम हे खोटे चित्र नाहीसे झाले. याच सर्वेक्षणात २०२३-२४ साली शहरी भागात दरडोई मासिक खर्च सरासरी ६,९९६ रुपये आणि त्यात अन्नाचा वाटा सुमारे ४० टक्के होता. आमचा अन्नाचा वाटा ॲपप्रमाणे पुष्कळ कमी भरत होता. लाइटची रक्कम हाताने मिळवली, तेव्हा तो या आकड्याच्या आसपास आला.

विजेच्या बिलाबाबत ॲपचा अंदाज निरुपयोगी आहे. मध्य प्रदेशात अटल गृह ज्योती योजनेखाली महिन्याचा वापर १५० युनिटपर्यंत राहिला तर पहिल्या १०० युनिटांचे १०० रुपयेच लागतात. मर्यादा ओलांडली की ही सवलत जाते आणि बिल एकदम चढते. बाळासाठी कूलर रात्रभर चालतो त्या महिन्यांत हेच घडते आणि ॲप त्याला ‘असामान्य खर्च’ ठरवते. आम्ही आता दर पंधरा दिवसांनी मीटरवरचा आकडा नोंदीच्या रकान्यात लिहितो. सासूबाई दुधाच्या रतीबाचे खाडे कालनिर्णयाच्या चौकोनात मांडतात; महिन्याच्या शेवटी तो आकडाही हातानेच ॲपमध्ये जातो आणि दूधवाल्याच्या हिशेबाशी नेहमी जुळतो.

अकाउंट ॲग्रिगेटरच्या मार्गाने, म्हणजे आपल्या संमतीने थेट बँकेकडून माहिती घेण्याची सोय देणारे ॲप घ्यावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालची ही व्यवस्था सगळे एसएमएस वाचू देण्यापेक्षा मला अधिक सुरक्षित वाटते, परंतु बँकेच्या विवरणातच लाइटची एक ओळ असेल तर तिथेही माझा प्रश्न तसाच उरतो.

वर्गणी एका गॅस सिलिंडरच्या किमतीहून थोडी कमी आहे. ती आम्ही या वेळी भरणार आहोत, ती दोघांच्या एकत्र नोंदी आणि खर्च पसरवण्याची सोय या दोन गोष्टींसाठी. माझ्या फोनवरची एसएमएस वाचण्याची परवानगी मी काढून घेतली आहे आणि रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघे लाइटचा इतिहास उघडून दिवसभरातली देणी हाताने भरतो. त्याला पाच-सात मिनिटे लागतात. लाइटची शिल्लक वेगळी दाखवण्याची सोय येईपर्यंत माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.