नागमोडी रेषा: सात महिने वापरल्यावर

सीईटीच्या तयारीला लागले तेव्हा माझ्या लेखी असमानता म्हणजे समीकरणच, फक्त बरोबरच्या जागी चिमटा. (क्ष − ३)/(क्ष + २) ≤ २ दिसलं की छेद उचलून पलीकडे न्यायचा आणि क्ष ≥ −७ लिहून मोकळं व्हायचं. पर्यायांत असलं उत्तर बहुतेक वेळा असतंच, पेपर काढणाऱ्याला आपली खोड ठाऊक असते. आता −५ टाकून बघा. −८ भागिले −३, म्हणजे २.६७. गेलं! क्ष + २ ऋण असेल तर गुणताना चिन्ह फिरतं, आणि तो ऋण की धन हेच तर आपल्याला माहीत नसतं.

सोयाबीन काढणीपासून मी असमानता सोडवायला नागमोडी रेषेची पद्धत वापरतेय. सगळं एका बाजूला आणलं की वरच्या उदाहरणात (क्ष + ७)/(क्ष + २) ≥ ० उरतं. −७ आणि −२ संख्यारेषेवर मांडायचे आणि उजवीकडून, वरच्या बाजूने नागमोडी रेषा काढत यायचं. प्रत्येक बिंदूवर ती संख्यारेषा ओलांडते, वर असेल तिथे धन, खाली असेल तिथे ऋण: धन, ऋण, धन. उत्तर क्ष ≤ −७ किंवा क्ष > −२. −२ वर पोकळ गोल, कारण तिथे छेद शून्य होतो.

सराव कृषी केंद्राच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. बाबा एकदा बघून म्हणाले, "नागपंचमी त केव्हाच झाली, आता नागोबा काहून काढून राहिली वं?"

पद्धतीत खोट नाही, पण ती डोळे मिटून वापरता येत नाही. (क्ष − १)²(क्ष − ४) < ० मध्ये मी कितीतरी दिवस १ वरही रेषा ओलांडायची आणि १ ते ४ असं उत्तर काढायची. वर्ग ऋण होतच नाही, तिथे रेषा टेकून परत फिरते. खरं उत्तर क्ष < ४, फक्त १ वगळून. (५ − क्ष) सारखा कंस आला तर आधी तो उलटवायचा आणि चिन्हही फिरवायचं. माझे निम्मे गुण इथेच जायचे.

|क्ष − २| < ३ ला मात्र रेषाबिषा नको. २ पासून ३ च्या आत, म्हणजे −१ ते ५, संपलं. तालुक्याच्या क्लासमध्ये आम्हाला इथेही दोन्ही बाजूंचा वर्ग करायला लावायचे.

आता वेळेचं. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटांच्या थोडं वर. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून तिथे मी आधी ० टाकते. पहिल्या उदाहरणात −१.५ येतं, अट पाळली जाते, मग ज्या पर्यायात ० नाही तो बाद. नंतर −५, मग −१०. बहुतेकदा एकच पर्याय उरतो, फक्त टोकाचे आकडे वेगळे तपासावे लागतात. जेईई मेनला चुकीच्या उत्तराचा एक गुण जातो, तिथे मी रेषाच काढते.

माझ्याकडून या पद्धतीला पाचपैकी चार. धाकटा भाऊ यंदा अकरावीला आहे, तोही छेद उचलून पलीकडे नेतो. काल त्याला −५ टाकायला लावलं, तर पोट्टा म्हणे, "पुस्तकातच चुकलं असन."