दहा महिने, तीन डबे आणि आजीचा मोकळा गडी

गेल्या मे महिन्यात लातुरात दुपारी उंबऱ्याबाहेर पाय टाकायची सोय नव्हती. घरात दोन लेकरं, थोरली नऊची, धाकटा सहाचा, आणि दोघांत एक मोबाईल. रोजच्या त्या झोंबाझोंबीला वैतागून मी आठवडाभरात तीन बोर्ड गेम मागवले: कारकासोन, किंगडोमिनो आणि तिकीट टू राइडची लहान मुलांसाठीची 'फर्स्ट जर्नी'. किती पैसे गेले ते बायकोला हप्त्याहप्त्यानं सांगितलं. आता मार्च उजाडलाय, डब्यांचे कोपरे फाटलेत, म्हणून लिहायला बसलोय.

आधी फसवणुकीचं सांगतो. कारकासोनचा पहिला डबा नकली निघाला. एका ऑनलाइन विक्रेत्यानं निम्म्याच्या आसपास भाव लावला होता, मी भुललो. ह्या खेळात पुठ्ठ्याच्या चौकोनी फरश्या असतात, पालथ्या ठेवून एकेक उचलायच्या. तिसऱ्या दिवशी धाकटा म्हणतो, "पप्पा, काळपट पाठीची घ्या, तिच्यात किल्ला असतोय." बघितलं तर खरंच पाठींच्या रंगात दोन छटा. पैसे परत मिळेपर्यंत वीस दिवस गेले. तेव्हा डबा आला की आधी 72 फरश्या मोजा, आणि सुरुवातीची एक सोडली तर बाकीच्या पाठी हुबेहूब एकसारख्या आहेत का ते उजेडात बघा.

दुसरा डबा अस्सल आला आणि घरात तोच सगळ्यात जास्त खेळला गेला. क्लाउस-युर्गेन व्रेडे ह्या जर्मन माणसानं तो बनवला, 2000 साली आला आणि 2001 साली जर्मनीत वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला. नाव फ्रान्समधल्या तटबंदीच्या गावाचं. खेळणं सोपं: फरशी उचला, रस्त्याला रस्ता, किल्ल्याला किल्ला जुळवून लावा, वाटलं तर तिच्यावर आपला लाकडी गडी उभा करा. फरशीवर एक अक्षर लिहिलेलं नाही, त्यामुळं इंग्रजी वाचता न येणारा धाकटा आणि इंग्रजीला लांबूनच नमस्कार करणारी माझी आई, दोघं पहिल्या दिवशीच पटावर बसले.

माझ्या डब्यात नदीच्या 12 फरश्याही आल्या. त्या लेकरांसाठी जरूर वापरा. नदी आधी अंथरली की जमीन ऐसपैस होते, सुरुवातीची कोंडी होत नाही. थोरलीनं नदीला खेटून किल्ला बांधला आणि जाहीर केलं, "हे नळदुर्ग, ही बोरी नदी, आणि पाणी महाल इथं." तेव्हापासून पटावरच्या किल्ल्यांना नावं पडतात. लहान असला तर औसा, अर्धवट राहिला तर तो नेहमी माझा.

आता नियम छाटण्याबद्दल. शेतकऱ्याचा नियम आम्ही पहिले तीन महिने काढूनच टाकला होता. त्यात गडी हिरव्या शेतात आडवा ठेवायचा, तो खेळ संपेपर्यंत उठत नाही, आणि शेवटी त्या शेताला लागून जितके पुरे झालेले किल्ले असतील त्या प्रत्येकाचे 3 गुण. शेत कुठून कुठवर पसरलंय हे मोठ्यांनाही पटकन दिसत नाही, तिथं सहा वर्षांच्या पोराला काय दिसणार? आईचा आक्षेप वेगळाच होता: "आडवा पडलेला शेतकरी बघितलायस का कधी?"

धाकट्याला दुसरी सवलत अशी की त्यानं दोन फरश्या उचलायच्या, एक ठेवायची, एक परत. ही सवलत फार कामाची निघाली. एकच फरशी आली की तो ती कुठंतरी चिकटवून मोकळा व्हायचा. दोन आल्यावर थांबून बघायला लागला. उलट 'माय फर्स्ट कारकासोन' हा लहानांचा डबा मित्राकडून आणला, तो दोन आठवड्यांतच परत गेला. त्यात 36 फरश्या, आणि कुठलीही कुठंही बसते. चुकायला जागाच नाही. थोरली चौथ्या डावाला जांभया द्यायला लागली. चार-पाच वर्षांच्या लेकराला तो चालेल, आमच्याकडं उशिरा आला. माझं मत तेव्हापासून पक्कं झालं: नियम कितीही कापा, पण लेकराच्या हातातला निर्णय कापू नका.

आईचा खेळ बघून मात्र मी थक्क झालो. मी मोठमोठे किल्ले मांडायचो. पुऱ्या किल्ल्याला फरशीमागं 2 गुण, ढालीचं चित्र असेल तिथं आणखी 2. शेवटपर्यंत अर्धवट राहिला तर हे निम्मे. आई नुसते रस्ते करायची, तीन फरश्यांचे, लगेच दोन्हीकडून बंद. फरशीमागं 1 गुण, म्हणजे चिल्लर. पण रस्ता संपला की तिचा गडी तिच्या हातात परत. प्रत्येकाकडं खेळायला गडी सातच असतात, आठवा गुणांच्या पट्टीवर. अर्धा डाव होईतो माझे सातही अर्धवट किल्ल्यांत अडकलेले, आणि चांगली फरशी आली तरी तिच्यावर उभं करायला कुणी नाही. आई म्हणाली, "सोयाबीन काढणीला गडी मिळत नाहीत तेव्हा काय होतंय? एक तरी गडी मोकळा पाहिजे." पहिल्या दहा डावांतले सहा तिनं जिंकले. धाकटा आता दर वेळी उरलेले गडी मोजतो. मी समजावून जे जमलं नव्हतं ते आजीकडून हरून हरून जमलं.

रागावून उठून जाणं अजून आहे. मोठ्या किल्ल्याच्या तोंडाशी कुणी नेमकी नको ती फरशी लावली की तो बंदच होत नाही. "आजी, तू मुद्दाम अडवायलीस!" ह्यावर आजी "होय की" म्हणते आणि चहा पिते. लेकराला मुद्दाम जिंकू द्यावं का ह्यावरून बायकोचं आणि आईचं एकमत नाही. दिवाळीत वेरूळला गेलो तेव्हा एकवीस नंबरच्या लेण्यात शंकर-पार्वती फासे खेळतानाचं शिल्प आहे, तिथं आईनं नातवाला उभं केलं आणि म्हणाली, "बघ, देवसुद्धा हरतेत." त्याचं लक्ष खाली नंदीची थट्टा करणाऱ्या गणांकडं होतं.

किंगडोमिनो रोजच्या कामाचा. वीस मिनिटांत संपतो, शाळेच्या दिवसांतही बसतो. ब्रुनो कॅथाला ह्यांचा, 2016 चा. जोडचौकोनी तुकडे जुळवून पाच बाय पाचचं राज्य करायचं, मग प्रत्येक रंगाच्या पट्ट्यातले चौकोन गुणिले त्यातले मुकुट. थोरलीचे पाढे ह्यानं सुधारले, हे मी शिकवणीवाल्या मॅडमना सांगितलेलं नाही. धाकट्यासाठी मुकुट बाजूला ठेवून नुसता सगळ्यात मोठा पट्टा मोजतो. खरी मेख तुकडा निवडण्यात आहे: आत्ता भारी तुकडा घेतलात की पुढच्या फेरीत मागं बसायचं. लातूरकरांना रांगेचं गणित वेगळं शिकवावं लागत नाही.

फर्स्ट जर्नीबद्दल थोडक्यात. रंगीत पत्ते जमवायचे, गावांमध्ये रेल्वेचे डबे मांडायचे, सहा तिकिटं आधी पुरी करेल तो जिंकला. धाकट्याला प्रचंड आवडतो, मला पाचव्या डावानंतर झोप येते. आईनं पहिल्या दिवशी विचारलं, ही गाडी पाण्याची का? 2016 साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं होतं, थोरली त्याच वर्षीची. मग तासभर त्याच गोष्टी झाल्या, डाव तसाच राहिला.

सामानाची तब्येत: कूलरसमोर खेळू नका. आमच्या सहा-सात फरश्या दमट हवेनं वाकल्या, वहीखाली दाबून अर्ध्या सरळ झाल्या. आईनं जुन्या खणाची पिशवी शिवून दिली, आता चळत लावायची भानगड नाही, पिशवीत हात घालून फरशी काढायची. एक हिरवा गडी हरवलाय, त्याच्या जागी चिंचोका उभा राहतो, म्हणजे आडवाच असतो, त्यामुळं तो हल्ली कायमचा शेतकरी. होय, दिवाळीनंतर शेतकऱ्याचा नियम परत आला. थोरलीनंच पुस्तिकेत चित्र बघून मागितला.

एकच घ्यायचा तर कारकासोन घ्या. कटान, म्हणजे मेंढी, वीट असल्या मालाचे पत्ते जमवून एकमेकांत अदलाबदल करायचा खेळ, आम्ही मित्राकडं खेळून बघितला. त्यात दोन फाशांवर 7 पडले की सातच्या वर पत्ते असणाऱ्याचे निम्मे जातात, वर चोर येऊन बसतो. आणि 7 च सगळ्यात जास्त पडतात, 36 पैकी 6 वेळा. धाकट्याचे आठातले चार गेले, त्यानं उरलेले मांडीखाली लपवले आणि भोकाड पसरलं. पुढच्या डावाला आम्ही चोरासकट तो नियमच काढला, तर नवीन पंचाईत: साठवायची भीतीच गेल्यावर सगळे पत्ते धरून बसले, कुणी कुणाला मेंढी देईना की वीट. डब्यावर दहा वर्षं लिहिलंय ते बरोबरच आहे. थोरलीला दहा पुरी झाली की घेऊ. धाकट्यानं मात्र आत्ताच विचारून ठेवलंय की चोर आजीच्या बाजूनं खेळणार का.